बुर्द्याचे आठ रविवार

बडोद्याच्या रावपुऱ्यात एका जिन्यावरच्या खोलीत दर रविवारी दीड तास, असे आठ रविवार. फी ६०० रुपये. सरांचं नाव लिहीत नाही, कारण थोडी तक्रारही आहे.

विषय एकच: इजिप्तच्या बूसीरीनं तेराव्या शतकात रचलेली पैगंबरस्तुती, बुर्दा. १६० बेत (दोन चरणांची कडवी), प्रत्येकाचा शेवट ‘मि’वर. मला वाटलं होतं, आरतीसारखा पहिल्या ओळीपासून जयजयकार असेल. कसलं काय! कवी रडत बसलाय. ज़ू-सलम या ठिकाणच्या शेजाऱ्यांची आठवण आणि आसवांत रक्त. आधी हा विरह, मग स्वतःच्या मनाला दटावणं. मुहम्मद हे नाव यायला तीस बेत ओलांडावे लागतात. सरांनी या उशिरावरच तीन रविवार काढले. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

कवी म्हणतो, मन म्हणजे अंगावर पिणारं पोर. सोडून दिलंत तर पिण्याच्या ओढीतच वाढेल, तोडलंत तर तुटेल. शेजारच्या गुजराती बेन पटकन म्हणाल्या, “लीमडो लगाडी दो!” (कडुनिंब लावा!) सर हसले आणि फळ्यावर ‘तफ़्तिम्हु – यन्फ़तिमि’ लिहिलं. एकाच धातूची दोन रूपं. आपल्या तोडणं-तुटणंमध्ये हा खेळ आयता उतरतो, उर्दूत सांगताना त्यांना दोन वाक्यं लागली.

वृत्त बसीत, अरबी. सर ‘मुस्तफ़्इलुन फ़ाइलुन’ म्हणत, मी वहीत ‘गागालगा गालगा’ मांडत होते. (‘छंदोरचना’ लिहिणाऱ्या माधव जूलियनांच्या गावात जन्मल्यावर एवढं यायलाच हवं.) मनाच्या श्लोकांचं भुजंगप्रयात म्हणजे लगागा चारदा, तुमचं अरबी मुतक़ारिब वृत्तच की, असं म्हटल्यावर सरांनी ‘मना सज्जना’ दोनदा म्हणवून घेतलं आणि बोटांवर मोजलं.

लकवा झालेल्या बूसीरीच्या अंगावर स्वप्नात पैगंबरांनी चादर (म्हणजेच बुर्दा) टाकली आणि तो बरा झाला, ही कथा “असं सांगतात” म्हणून पाच मिनिटांत संपवली. हे मला आवडलं.

आता तक्रार. झेरॉक्स इतकी फिकट की ज़ेर-ज़बर (अक्षरांवरच्या-खालच्या स्वरखुणा) गायब, आणि त्यांच्याशिवाय माझ्यासारखीनं वाचायचं कसं? वर्ग दर वेळी वीस मिनिटं उशिरा. त्यामुळे मेराज (पैगंबरांचं स्वर्गारोहण), युद्धं, क्षमायाचना आणि शेवटची प्रार्थना, असे काव्याच्या दहा भागांतले चार भाग अखेरच्या रविवारी नुसते पळवले. मेराजसाठी मी थांबले होते हो!

दिवाळीनंतर नवी तुकडी आहे. जाणाऱ्यांनी ज़ेर-ज़बर असलेली छापील प्रत स्वतःची न्यावी आणि भिंतीकडची जागा धरावी, खाली सतरंजीच आहे.