न्यू जर्सीहून टेक्सास की कॅलिफोर्निया? टेन्थमधल्या मुलीच्या जीपीएच्या नजरेतून

टेक्सासात डॅलसकडची नोकरीची ऑफर आहे, कॅलिफोर्नियात बे एरियाचीही आहे आणि लेक टेन्थमध्ये, मग घरांच्या किमती नंतर बघा, आधी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शाळेचा कोर्स-ग्रेड्सचा दाखला, काढा. त्यावरचा जीपीएचा, म्हणजे ग्रेड्सच्या सरासरीचा, ४.४ वगैरे आकडा जसाच्या तसा पुढे जाईल हे डोक्यातून काढून टाका. पुढे जातात कोर्सेस आणि ग्रेड्स, वेटेज, म्हणजे अवघड कोर्सला मिळणारे जादा पॉइंट, नव्या ठिकाणी नव्याने लावतात. खरा प्रश्न एवढाच की ते कोण लावतं.

टेक्सासमध्ये लावतं स्कूल डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था), आणि तिकडे रँकला सोन्याचा भाव, कारण १९९७ च्या कायद्यापासून बॅचमधल्या टॉप १० टक्के मुलांना सरकारी युनिव्हर्सिटीत आपोआप ॲडमिशन मिळते. यूटी ऑस्टिनला (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास) ही हद्द ६ टक्के होती, २०२६ च्या फॉलपासून ५. (आणि त्यातही ॲडमिशन युनिव्हर्सिटीत पक्की, कम्प्युटर सायन्समध्ये नाही, हे लोक विसरतात.) आता डिस्ट्रिक्ट म्हणाल तर कुठे ५ चं स्केल, कुठे ६ चं, आणि बऱ्याच ठिकाणी शंभरातले मार्क धरतात, मग तुमच्या ट्रान्सक्रिप्टवर नुसता 'ए' असेल तर त्यांच्या तक्त्यात 'ए' समोर जो आकडा असेल, समजा ९५, तोच लागणार, पोरीने ९९ काढलेले असले तरी! ऑनर्सचं (शाळेच्याच वरच्या पातळीच्या कोर्सचं) वेटेज तर काही डिस्ट्रिक्ट त्यांच्याकडे तोच कोर्स असेल तरच देतात. नाइन्थचे ग्रेडही साधारणपणे रँकमध्ये धरतात.

कॅलिफोर्नियात शाळा स्वतःचा जीपीए काढतेच, पण यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) त्याच्याकडे बघत नाही, स्वतःच्या पद्धतीने परत काढते. टेन्थ आणि इलेव्हन्थचेच ग्रेड्स, प्लस-मायनस नाही, म्हणजे न्यू जर्सीत ३.७ धरला गेलेला ए-मायनस इथे सरळ ४. नाइन्थ फक्त पास असावं लागतं, सी किंवा वर. पण मेख अशी की दुसऱ्या राज्यातल्या शाळेच्या ऑनर्सला यूसी जादा पॉइंट देत नाही, फक्त एपी आणि आयबीला (शाळेबाहेरच्या संस्थांनी आखलेले वरच्या पातळीचे कोर्स) देते, आणि तेही जास्तीत जास्त आठ सेमिस्टर, त्यातली टेन्थची चारच. म्हणजे तुम्ही कौतुकाने घेतलेलं ऑनर्स केमिस्ट्री तिकडे साधं केमिस्ट्री. शिवाय एसएटी ही प्रवेशपरीक्षा ॲडमिशनसाठी यूसी बघतच नाही, यूटीला मात्र आता परत लागते.

क्रेडिटचे आकडे बघून दचकू नका, वर्षभराच्या कोर्सला न्यू जर्सीत ५, टेक्सासमध्ये १, कॅलिफोर्नियात बहुतेक ठिकाणी १०, सगळं बदलून घेतात.

माझं मत विचाराल तर नाइन्थ गडगडलेलं असेल आणि पुढे एपीचा जोर असेल तर डोळे मिटून कॅलिफोर्निया. ऑनर्सवरच गाडी चाललेली असेल तर टेक्सास, पण डिस्ट्रिक्टची वेटेज पॉलिसी वाचल्याशिवाय लीज साइन करू नका, आणि चुरस असलेल्या नामी शाळेत इलेव्हन्थला जाऊन टॉप ५ टक्क्यांत शिरायचं म्हणजे सोपं काम नाही, त्यापेक्षा शेजारच्या कमी गाजलेल्या शाळेकडे बघा. प्रायव्हेट कॉलेजं दोन्ही शाळांचे ट्रान्सक्रिप्ट मागवून आपलं आपण बघतात, तिथे हा गोंधळ कमी.

काहीही ठरलं तरी जुन्या शाळेकडून शंभरातले मार्क आणि कोर्स डिस्क्रिप्शन लेटरहेडवर घेऊनच निघा, आणि ते जूनच्या आत, सुट्टी लागली की काउन्सेलर फोन उचलत नाही.