केदारकंठाच्या बर्फात वापरलेले बूट

सह्याद्रीत वर्षानुवर्षे भटकलेल्या माणसाला आपल्या बुटांचा जरा जास्तच भरवसा असतो. आमचा पावसाळा हंटर शूजवर आणि उरलेले वर्ष कातळावर चिकटणाऱ्या रबरी सोलच्या साध्या बुटांवर निघत असे. उत्तराखंडातील सुमारे १२,५०० फूट उंचीच्या केदारकंठाला जानेवारीत जायचे ठरले, तेव्हा मी घोट्याच्या वर येणारे, नुबक चामड्याचे आणि आत गोअर-टेक्सचे जलरोधक अस्तर असलेले बूट घेतले. महिनाभर सिंहगडाच्या वाटेवर ते पायांत मुरवले आणि मग चढाईच्या पायथ्याचे गाव सांकरी गाठले.

खरेदी करताना मी उबेचा विचार केला होता. पण प्रत्यक्षात खरी किंमत कळली ती मापाची. शिखरावरून बर्फाच्या उतारावर खाली येताना शरीराचा सगळा भार चवड्यांवर येतो, आणि बूट जेमतेम मापाचा असेल तर प्रत्येक पावलाला अंगठ्याचे नख पुढे आदळते. जाड लोकरी मोजे घालून, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना मी बूट घालून पाहिले होते आणि नेहमीपेक्षा एक माप मोठे घेतले होते, म्हणून माझी नखे वाचली. मात्र माप मोठे असले तरी टाच आत उचलली जाता कामा नये. ती उचलली जात असेल, तर चढावर फोड आलेच म्हणून समजा.

आमच्यातल्या एकाने २०० ग्रॅमचे उबदार अस्तर असलेले बूट आणले होते. हा आकडा दर चौरस मीटर अस्तराच्या वजनाचा असतो, बूट किती थंडीत चालेल याचा नव्हे, हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही. चढताना त्याच्या पायांना घाम आला, मोजे ओले झाले आणि पहाटे शिखरापाशी थांबल्यावर गारठले ते त्याचेच पाय.

सोलवरील खोल खाचांनी भुसभुशीत बर्फात उत्तम साथ दिली. आल्प्समध्ये सहा सोबती गमावल्यानंतर विताले ब्रामानी याने १९३७ मध्ये आणलेल्या विब्राम सोलचीच ही परंपरा आहे. पण पहाटेच्या काचेसारख्या कडक बर्फावर निव्वळ रबराचा उपयोग नसतो, तिथे बुटाखाली मायक्रोस्पाइक, म्हणजे धातूचे काटे, चढवावेच लागतात. बूट जलरोधक असले तरी गुडघाभर बर्फात पाय रुतला की बर्फ वरच्या तोंडातून आत शिरतो, म्हणून गेटर, म्हणजे बुटाच्या तोंडापासून पोटरीवर चढवायचे आवरण, हेही हवेत. या दोन्ही वस्तू सांकरीत भाड्याने मिळतात, त्या जरूर तिथेच घ्याव्यात. बूट मात्र भाड्याने घेऊ नयेत, कारण दुसऱ्याच्या पायाने दबलेला बूट चार दिवसांत आपला होत नाही.

दोष म्हणाल तर नाड्यांचा. त्या पाणी शोषतात आणि रात्री गोठून तारेसारख्या ताठ होतात. दुसऱ्या रात्रीपासून मी बूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्लीपिंग बॅगेतच पायांशी ठेवू लागलो. झोपायला अडचण झाली, पण सकाळी नाड्या बांधता आल्या. शेकोटीजवळ बूट वाळवण्याचा मोह मात्र टाळला, कारण उष्णतेने सोलचा गोंद सुटतो. पुण्याच्या उन्हात हे बूट फार जड आणि गरम वाटतात, त्यामुळे सध्या ते माळ्यावर आहेत.