बैठ्या बंगल्याचा दर्शनी भाग : नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या कामाचा अनुभव

आमचा बंगला १९८६ सालचा, सासऱ्यांनी बांधलेला. एकच मजला, वर सपाट स्लॅब, पुढे ओटा आणि खाली तीन फूट उंच काळ्या दगडाचं जोतं. तेव्हा आजूबाजूला मोकळे प्लॉट होते. आता दोन्ही अंगांना चार-चार मजली इमारती आहेत. दोन वर्षांपूर्वी माझा मावसभाऊ पहिल्यांदाच घरी यायला निघाला आणि आमच्या गेटसमोरून दोनदा पुढे निघून गेला. त्याला घर दिसलंच नाही. सासूबाईंना ते फार लागलं, मलाही.

म्हणून दर्शनी भाग सुधारायचं ठरवलं. पहिल्यांदा एका एलिव्हेशनवाल्यांना, म्हणजे घराचा दर्शनी भाग सजवून देणाऱ्यांना बोलावलं. त्यांनी लॅपटॉपवर चित्र करून आणलं : गच्चीचा पुढचा कठडा आठ फुटांपर्यंत चढवायचा, त्यावर एसीपी शीट (अॅल्युमिनियमचे चकचकीत तक्ते), मधोमध काचेची पट्टी. साडेतीन लाख. चित्र देखणं होतं, पण त्यात सासऱ्यांचं घर कुठेच उरलं नव्हतं. जोत्यावरही टाइल येणार होती. मी नको म्हणून सांगितलं.

मग शेजारच्या वहिनींच्या ओळखीतून एक मिस्त्री आले. त्यांचं दुकान नाही, पाटी नाही, एका वेळी एकच काम घेतात आणि नाव-नंबर कुठे छापू नका असं त्यांनीच सांगितलंय, म्हणून इथे देत नाही. पण त्यांनी काय केलं आणि का केलं, हे बैठं घर असलेल्या प्रत्येकाला कळावं असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या दिवशी ते घरात आलेच नाहीत. रस्ता ओलांडून विजेच्या खांबाजवळ उभे राहिले आणि मलाही तिकडे बोलावून घेतलं. म्हणाले, "काकू, घर बुटकं नाहीये, झाकलंय." मग एकेक गोष्ट बोटानं दाखवली. साडेपाच फुटांची बंद कंपाउंड भिंत, चोऱ्या वाढल्या तेव्हा आम्हीच वाढवलेली. तिच्यामागे उंच अशोकाची पाच झाडं ओळीनं. गाडीवर हिरव्या फायबरच्या पत्र्याचं छप्पर. भिंतीवरून आडवे-तिडवे उतरलेले पाइप. रस्त्यावरून पाहणाऱ्याला आमच्या घराचा दिसत होता तो फक्त कठडा आणि वरची काळी टाकी.

डॅलसला माझा भाचा असतो. तिकडे अशा बैठ्या, लांबट घराला रँच म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्या उपनगरांत अशी घरं खूप बांधली गेली. त्यानं स्वतःच्या घराचा फोटो पाठवला. अख्खं घर रस्त्यावरून दिसतं, कारण पुढे कुंपणच नाही, नुसती हिरवळ आहे. मी तो मिस्त्रींना दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, आपल्याकडे कुत्री आहेत, गाई आहेत, भिंत काढता येणार नाही, पण उतरवता येईल. शेवटी भिंत तीन फुटांवर आणली आणि वर अडीच फुटांची उभ्या सळ्यांची साधी जाळी बसवली. नक्षी मुद्दाम टाळली. उंची तेवढीच राहिली, पण आता आरपार दिसतं.

अशोकाचं काम सोपं नव्हतं. झाड आपल्या आवारातलं असलं तरी तोडायला महापालिकेची परवानगी लागते, त्यासाठी १९७५ चा वृक्ष कायदा आहे. कागद हातात येईपर्यंत मिस्त्रींनी फांदीलाही कोयता लावला नाही, याचं मला कौतुक वाटतं. दारासमोरची दोन झाडं काढली, कडेची तीन ठेवली. मागच्या अंगणात सोनचाफा आणि पारिजातक लावले.

आता जोत्याबद्दल. माझ्या मते सगळ्या कामात हेच सर्वांत मोलाचं. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका रंगाऱ्याच्या सल्ल्यानं आम्ही त्या दगडावर लाल ऑइलपेंट मारला होता. तो जागोजागी सुटून खाली पोपडे पडत. मिस्त्रींनी आधी कोपऱ्यात दोन फुटांचा तुकडा करून दाखवला : पेंट रिमूव्हर लावायचा, रंग फुगला की पत्रीनं अलगद खरवडायचा, मग तारेच्या ब्रशनं घासून भरपूर पाण्यानं धुवायचं. त्यांचा मदतनीस ग्राइंडर घेऊन आला होता, त्याला त्यांनी परत पाठवलं. घडाईच्या दगडावर ग्राइंडरचे गोल ओरखडे उठले की ते कायमचे राहतात.

चाळीस फूट जोत्याला नऊ दिवस लागले. रंगाखालून काळा पाषाण निघाला, त्यावर छिन्नीचे घाव अगदी ताजे असल्यासारखे. हा आपल्या मुलखाचाच दगड, काळाराम मंदिरात आणि जुन्या वाड्यांच्या जोत्यांना दिसतो तो. जुन्या दरजा खरवडून एकास तीन सिमेंट-वाळूनं नव्या भरल्या, त्या दगडाच्या थोड्या आत ठेवल्या, म्हणजे प्रत्येक दगडाची कड सुटी दिसते. सासूबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्या काठी टेकत खाली आल्या, दगडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हे दगड इथेच अंगणात घडवले होते. मी पाथरवटांना रोज चहा करून द्यायची." इतक्या वर्षांत हे आम्हाला कधी कळलं नव्हतं.

रंगाच्या बाबतीत त्यांचं म्हणणं मला लगेच पटलं नव्हतं. आधी भिंत पिवळी, छज्जा तपकिरी आणि कठडा पांढरा होता. त्यांचं म्हणणं, बैठ्या घरावर असे आडवे पट्टे आले की घराचे तुकडे पडतात आणि ते आणखी दबतं. म्हणून भिंत आणि कठडा एकाच मोतिया रंगात, फक्त छज्जाची कड करडी. नवा गिलावा केला होता तिथे पाणी मारून झाल्यावर चार आठवडे वाळू दिला. त्या काळात ते फिरकलेच नाहीत आणि मी चिडले होते. पण ओल्या, कच्च्या गिलाव्यावर रंग मारला की सिमेंटचा क्षार बाहेर येऊन तो फुगतो, हे आम्ही पूर्वी एकदा भोगलंय. तडे व्ही आकारात उघडून भरले, एक हात प्रायमर, दोन हात बाहेरचं अॅक्रिलिक इमल्शन. कठड्याच्या माथ्याला उतार आतल्या बाजूला दिला, त्यामुळे धुळीचं पाणी पुढच्या भिंतीवरून ओघळत नाही. काळे ओघळ कायमचे थांबले.

गेटपासून दारापर्यंत पूर्वी वाटच नव्हती, गाडीला वळसा घालून यावं लागे. आता चार फूट रुंद, खडबडीत शहाबादी फरशीची सरळ वाट आहे, उतार बागेकडे. दोन माणसं शेजारी-शेजारी चालू शकतात, सासूबाईंना धरून नेता येतं. सागवानी दार खरवडून पॉलिश केलं. रोपं मी गंगापूर रोडवरच्या रोपवाटिकांमधून आणली : तगर, मोगरा, लिली. खिडकीच्या उंबऱ्याच्या वर काही जाऊ द्यायचं नाही आणि भिंतीपासून दीड फूट सोडायचं, एवढंच मिस्त्रींनी बजावलं होतं.

तक्रारीही आहेत. ४५ दिवस सांगितले होते, लागले ७८. त्यातला काही वेळ परवानगीत गेला, पण सगळा नाही. अंदाजपत्रक डायरीच्या एका पानावर होतं, त्यात मापं नव्हती, आणि गेटचे ११ हजार नंतर वाढले. तुम्ही काम द्याल तेव्हा मापांसकट लिहून घ्या, सुरुवातीलाच. दिव्यांचं काम तर मला मुळीच आवडलं नाही. भिंतीच्या मुळाशी चार पांढरे झगझगीत दिवे लावले होते, ते येणाऱ्याच्या डोळ्यांत जात. दोन काढायला लावले आणि उरलेल्या दोन्हींत ३००० केल्विनचे पिवळसर बल्ब घातले. आता दगडाची घडाई रात्रीही दिसते. सगळं मिळून २ लाख ८४ हजार झाले.

या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि न्हाणीच्या कोपऱ्यात हातभर ओल आली. फोन केला तर पुढच्या रविवारी स्वतः आले, गच्चीवर चढले, पाइपाच्या तोंडाशी सुटलेली जागा शोधून बुजवली. पैसे घेतले नाहीत. तिथे रंगाचा शेवटचा हात अजून बाकी आहे. दसरा झाला की भिंतीला हात लावून बघतो, कोरडी लागली तरच रंग देतो, असं सांगून गेलेत.