लिंपेट आणि शैवालाच्या मोजणीसाठी घडीची क्वाड्रॅट चौकट: दोन हंगामांच्या वापरानंतर

खडकाळ किनाऱ्यावर लिंपेट (खडकाला चिकटून राहणारी, शैवाल खरवडून खाणारी टोपीसारख्या शंखाची गोगलगाय) आणि शैवाल कुठे, किती आणि कसे पसरले आहेत हे तपासण्यासाठी मी अर्धा मीटर बाजूची, घडी घालता येणारी प्लास्टिक नळ्यांची क्वाड्रॅट, म्हणजे ठरावीक क्षेत्रातले जीव मोजण्याची चौकट, दोन हंगाम वापरली. आत नऊ आडव्या आणि नऊ उभ्या नायलॉन दोऱ्या ताणलेल्या असल्याने पाच सेंटिमीटरचे 100 चौकोन आणि 81 छेदबिंदू मिळतात. लिंपेट मोजण्यासाठी ती उत्तम आहे; शैवालाच्या आच्छादनासाठी (ते किती छेदबिंदूंखाली येते यावरून मोजतात) मात्र तिच्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही.

चौकोनामागून चौकोन पुढे सरकता येत असल्यामुळे एकच शंख दोनदा मोजला जात नाही, आणि बार्नॅकल या खडकाला चिकटलेल्या छोट्या कवचधारी जीवांच्या खरखरीत थरात दडलेली काही मिलिमीटरची पिल्लेही, एवढ्याशा जागेवर नजर रोखली की, सापडतात. लगतच्या दोन बाजूंच्या नळ्या वेगळ्या रंगाच्या आहेत, ही बारीकशी सोय मला फार मोलाची वाटली, कारण काठावर अर्धवट आलेले लिंपेट त्याच दोन बाजूंवर धरायचे आणि उरलेल्या दोन बाजूंवर सोडायचे हा नियम थकल्यावरही चुकत नाही. एकदा एका चौकोनात लिंपेटने खडकात कोरलेली लंबगोल खाच रिकामी दिसली. तिच्याभोवती बोटभर रुंदीत कोवळे हिरवे शैवाल उगवले होते, आणि शेजारी जिवंत लिंपेटभोवतीचा खडक मात्र खरवडल्यासारखा स्वच्छ होता. आइल ऑफ मॅन बेटावर 1946 साली एका पट्ट्यातले लिंपेट काढून टाकल्यावर तिथे आधी हिरवे शैवाल आणि मग फ्युकस हे तपकिरी शैवाल दाट माजले होते. म्हणूनच या दोघांची नोंद एकाच चौकटीत होणे मला अत्यावश्यक वाटते.

नेमकी तिथेच ही चौकट कमी पडते. फ्युकसच्या लांब पात्यांचे आच्छादन आधी नोंदवून, मग ती बाजूला सारून खालचे लिंपेट मोजावे लागतात, पण दोऱ्यांच्या जाळीतून पाती उचलता येत नाहीत. चौकट हलवली की जागा चुकते. निदान एका दिशेच्या दोऱ्या सोडता आल्या असत्या तर ही अडचण उरली नसती. शिवाय खडकाच्या उंचवट्यांवर चौकट टेकली की खोलगट भागात दोऱ्या खडकापासून बऱ्याच वर राहतात, आणि डोके जरा तिरके झाले तरी छेदबिंदूखाली शैवालाऐवजी उघडा खडक दिसतो. त्यामुळे प्रत्येक बिंदूवर सरळ वरून पाहावे लागते, आणि ओहोटीचा मोजका वेळ त्यातच सरतो.

भिजल्यावर नायलॉन सैल पडून चौकोन वाकडे होत, ही तक्रार मात्र आता मिटली आहे. दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर मी त्याच भोकांतून पॉलिस्टरची विणलेली बारीक दोरी ओवून घेतली, आणि तेव्हापासून जाळी ताठ राहिली आहे.