काळीवर बांधायचंय : मुरूम, चुना, सिमेंट की पाइल?

वैशाखात प्लॉट बघायला गेलात तर काळीच्या, म्हणजे काळ्या मातीच्या, भेगेत हात कोपरापर्यंत जातो. श्रावणात तिथेच चप्पल रुतून बसते. बेसाल्ट झिजून बनलेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर; ते पाणी पिऊन फुगतं, वाळलं की आकसतं. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते आणि सगळे गवंड्याला शिव्या घालतात.

पद्धत निवडण्याआधी दोन गोष्टी करा. एक, खड्डा घेऊन काळी किती खोल आहे ते बघा. दोन, फुगवट्याची चाचणी. वाळवून चाळलेली माती 10-10 ग्रॅम दोन मोजपात्रांत घ्यायची, एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल, आणि एक दिवस थांबायचं. रॉकेलात माती फुगत नाही. तिथे 10 मिली आणि पाण्यात 18 मिली दिसली, तर फुगवटा 80 टक्के. पन्नाशीच्या वर गेला की सावध व्हायचं.

काळी चार-पाच फुटांतच संपत असेल तर फार डोकं चालवू नका. ती काढा, मुरूम भरा, थराथराने पाणी मारून रोलर फिरवा. मात्र निव्वळ खडेदार, पाणी झिरपणारा मुरूम भरला तर तो खड्डा म्हणजे हौदच. पावसाचं पाणी तळाशी साठून खालच्या काळीला पाजत राहतं. थोडी चिकण असलेला, पण न फुगणारा मुरूम हवा. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी अशाच न फुगणाऱ्या चिकट मातीचा साधारण मीटरभर थर काळीवर देण्याची पद्धत रुजवली. कालव्यांच्या कामात ती बरीच वापरली गेली.

रस्ता, अंगण, शेडची जमीन असं पसरट काम असेल आणि मुरूम लांबून आणावा लागत असेल, तर माझं मत चुन्याला. प्रमाण सहसा मातीच्या वजनाच्या 3 ते 8 टक्के. 15 सेंमी थराला, 5 टक्के धरून, चौरस मीटरमागे साधारण 11 किलो. रोटाव्हेटरने कालवा, ओल देऊन एखादा दिवस मुरू द्या, पुन्हा कालवा, मग दाबा. हाताला चिकटणारी काळी दुसऱ्या दिवशी भुसभुशीत होते; ताकद मात्र आठवड्या-महिन्यांनी येते. कळीचा (न विरवलेला) चुना असेल तर चष्मा, हातमोजे घातल्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका. मातीत सल्फेट असेल तर चुन्याने उलट फुगवटा वाढतो. ती तपासणी आधीच करून घ्या.

‘पोतीभर सिमेंट टाकलं की झालं’ हा सल्ला काळीसाठी जवळजवळ वायाच. ढेकूळ वरून करडं होतं, फोडलं तर आत काळं ते काळंच. शिवाय पाणी पडल्यापासून दोनेक तासांत दाबून मोकळं व्हावं लागतं. मुरमाड, वाळूसर मातीत सिमेंट उत्तम. कोराडी, चंद्रपूर, परळीच्या आसपास राहत असाल तर औष्णिक वीजकेंद्राच्या राखेचाही विचार करा, पण आपल्याकडच्या बहुतेक राखेला जोडीला चुना लागतो.

काळी खोल आहे आणि वर पक्कं घर बांधायचंय? मग माती सुधारायच्या भानगडीत न पडता तिला ओलांडून खाली जा. रुरकीच्या सीबीआरआयने (केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने) विकसित केलेल्या अंडर-रीम्ड पाइलला, म्हणजे जमिनीत खोल ओतलेल्या काँक्रीटच्या खांबाला, तळाशी खांबाच्या जाडीच्या साधारण अडीचपट रुंद फुगा असतो. काळीत ती किमान साडेतीन मीटर खोल नेतात, कारण ऋतूंबरोबर होणारा ओलीचा खेळ त्याच्या वरच चालतो. ठेकेदार विसरतात ती गोष्ट म्हणजे प्लिंथ बीमखालची (जोत्याच्या आडव्या काँक्रीट तुळईखालची) पोकळी. बीम आणि माती यांत किमान 80 मिमी जागा सोडली नाही, तर फुगणारी काळी बीमच उचलते. आणि पाइल घर धरते, फरशी नाही. आमच्या नात्यातल्या एका घराला एकही भेग नाही, पण हॉलमधली फरशी मध्येच टेकाडासारखी वर आलीय. खोल्यांखाली मुरमाचा भराव करायचा राहून गेला होता.