हीट रिजेक्शन फिल्म लावून आठ महिने झाले, काय पटलं आणि काय नाही

गाडी चालवताना खिडकीकडचा हात भाजतो म्हणून हा सगळा खटाटोप सुरू झाला. एसी फुल, ब्लोअर चारवर, पाय गारठलेत आणि कोपरापासून मनगटापर्यंत मात्र कोणीतरी तापलेला तवा जवळ धरून बसल्यासारखं. मागे मुलगी चाइल्ड सीटमध्ये, तिचं वेगळंच, "बाबा ऊन बंद करा". जाळीचे शेड लावून झाले, ते चिकटतात कमी आणि पडतात जास्त, शेवटी ठरवलं की नीट अभ्यास करून काचांना उष्णता अडवणारी फिल्मच लावायची.

अभ्यास करून हे मुद्दाम लिहिलंय, कारण आधीच्या गाडीला अभ्यास न करता लावली होती. साधी डायवाली, म्हणजे नुसता रंग दिलेली काळीकुट्ट फिल्म, दिसायला झकास, आणि दोन वर्षांत जांभळी पडली, मागच्या काचेवर तर फोड आल्यासारखे बुडबुडे. त्यात गंमत अशी की गाडी आतून अंधारी झाली पण गरम तेवढीच राहिली. तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतंय. उन्हातून येणाऱ्या ऊर्जेत साधारण ४४ टक्के डोळ्यांना दिसणारा उजेड, ५३ टक्क्यांच्या आसपास इन्फ्रारेड (न दिसणारी, उष्णता देणारी किरणं) आणि उरलेले तीनेक टक्के अल्ट्राव्हायोलेट, म्हणजे यूव्ही. काळा रंग अडवतो तो मुख्यतः दिसणारा उजेड, इन्फ्रारेड त्याच्यातून बऱ्यापैकी आरामात आत येतं. शिवाय रंग जे शोषतो त्याने काचच तापते आणि तापलेली काच तुमच्याकडेच उष्णता फेकते. म्हणजे काळी काच म्हणजे थंड गाडी हे समीकरण डोक्यातून काढून टाका, मला ते काढायला एक अख्खी फिल्म वाया घालवावी लागली.

या वेळी पर्याय बघितले ते असे. मेटलवाली फिल्म उष्णता परावर्तित करते, काम चांगलं करते, पण धातूचा थर असल्यामुळे मोबाईल, जीपीएस, टोलचा टॅग, काचेतला अँटेना यांना त्रास होऊ शकतो, मी ती तिथेच बाद केली. कार्बनवाली मधली, जांभळी पडत नाही. सिरॅमिक म्हणजे धातूच्या ऑक्साइडचे वगैरे अतिसूक्ष्म कण असतात, उजेड येऊ देतात आणि इन्फ्रारेड शोषतात, सिग्नलला अडथळा नाही. आणि चौथा प्रकार बऱ्याच थरांचा, थ्रीएम कंपनीच्या क्रिस्टलाईन फिल्ममध्ये दोनशेहून जास्त पातळ थर एकावर एक असतात आणि धातू अजिबात नसतो. मी शेवटी सिरॅमिक घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नंतर थोडी तक्रार पण करायचीय.

आता तो दिव्याचा खेळ. फिल्मच्या ज्या दुकानात जाल तिथे हा खेळ दाखवतातच. एका खोक्यात लाल हीट लॅम्प, पुढे काचेचे तुकडे, एकावर फिल्म नाही, एकावर साधी, एकावर त्यांची महागडी. हात ठेवा म्हणतात, महागडीच्या मागे हाताला काहीच लागत नाही आणि माणूस जागच्या जागी विकला जातो. मी पण जवळजवळ गेलोच होतो. पण त्या दिव्यातून बहुतेक इन्फ्रारेडच येतं, दिसणारा उजेड अगदी थोडा, म्हणजे फिल्म ज्यात हुशार आहे त्याच विषयाची परीक्षा घेतली जाते. खऱ्या उन्हात अर्धा पेपर दुसऱ्या विषयाचा असतो. दुसरं म्हणजे हात ठेवायला सांगतात दहा सेकंद. मी म्हटलं जरा राहू दे दिवा पाच मिनिटं. तोपर्यंत चहा सांगतो वगैरे सुरू झालं, पण राहू दिला, आणि पाच मिनिटांनी त्या महागड्या तुकड्याला बोट लावलं तर पटकन मागे घेतलं, इतका तापला होता. शोषलेली उष्णता कुठे जाणार, काचेतच बसणार ना. चालत्या गाडीत बाहेरून वारा लागतो आणि त्यातली बरीच बाहेर वाहून जाते, उभ्या गाडीत वारा नाही, मग ती आत पण येते. हा फरक पुढे वापरताना रोज जाणवला.

माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ९७ टक्के हीट रिजेक्शन. खाली बारीक अक्षरात आयआरआर, म्हणजे फक्त इन्फ्रारेडचा हिशोब, आणि तोही कधी कधी संपूर्ण पट्ट्याचा नाही तर ९०० ते १००० नॅनोमीटर लहरलांबी एवढ्या चिंचोळ्या भागाचा, इन्फ्रारेड तर ७८० पासून पार २५०० पर्यंत पसरलेलं असतं. तुम्ही बघायचा आकडा म्हणजे टीएसईआर, एकूण सौर ऊर्जेपैकी किती बाहेर राहते तो. आणि एक साधं गणित कागदावर करून बघा. ७० टक्के उजेड आत सोडणारी फिल्म घेतली तर ४४ चे ७० टक्के म्हणजे साधारण ३१ भाग ऊर्जा उजेडाबरोबरच आत आली. बाकीचं सगळं इन्फ्रारेड आणि यूव्ही शंभर टक्के अडवलं असं धरलं तरी टीएसईआर ६९ च्या वर जाऊच शकत नाही. त्यामुळे पारदर्शक फिल्म दाखवून कोणी ९० टक्के उष्णता कमी म्हणाला तर मान डोलवायची आणि टीएसईआर विचारायचा. पारदर्शकमध्ये पन्नाशीच्या आसपास असेल तर ती चांगलीच. मला ज्यांनी हा आकडा न अडखळता सांगितला त्यांच्याकडूनच मी लावून घेतली, बाकी दोघांनी "साहेब आयआर बघा ना" एवढंच चालवलं होतं.

किती टक्के उजेड सोडणारी घ्यायची यात पहिली गोष्ट तुमच्याकडचा नियम, तो प्रत्येक देशात वेगळा, आणि काही ठिकाणी फिल्मच चालत नाही, तेव्हा आधी ते बघा. दुसरी गोष्ट बरेच जण विसरतात, तपासणीचं यंत्र नुसती फिल्म मोजत नाही, काच अधिक फिल्म मोजतं. गाडीची काच मुळात हिरवट असते, समजा ती स्वतःच ७५ टक्के उजेड सोडते, त्यावर ७० ची फिल्म लावली की हातात राहतात ५२ च्या आसपास. पाकिटावर ७० लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका, लावायच्या आधी काच मोजून घ्या. मी पुढच्या काचेला सगळ्यात पारदर्शक घेतली, बाजूला आणि मागे जराशी गडद. पुढच्या काचेला लावू की नको यावर बरेच दिवस गेले, पण खरं सांगायचं तर तीच सगळ्यात मोठी आणि आडवी काच, दुपारचं ऊन तिच्यातूनच डॅशबोर्डवर ओततं. बजेट कमी असेल तर आधी पुढची आणि पुढच्या दोन दारांच्या, मागचं नंतर बघा.

लावताना मी तिथेच बसून होतो, पाच तास. एक मुलगा एकटा करत होता आणि हात बघण्यासारखा होता. आधी डॅशबोर्ड आणि दारांची बटणं टॉवेलने झाकली (हे झाकत नसतील तर तुम्ही सांगा, साबणाचं पाणी पॉवर विंडोच्या स्विचमध्ये गेलं की वेगळा खर्च). मग काच ब्लेडने खरवडून धुतली, पुसली, परत धुतली. फिल्म आतून लावतात पण आकार बाहेरून देतात हे मला माहीतच नव्हतं. काच गोलसर असते ना, सपाट फिल्म तिच्यावर टाकली की चुण्या पडतात, त्यांना तो बोटांनी सरळ उभ्या रेषांत जमवायचा आणि हीट गन फिरवायचा, रेष आक्रसून गायब. मग दारात काच दोन बोटं खाली, आत भरपूर पाणी फवारून फिल्म सरकवली, वरची कड जुळवली, काच वर, आणि खालचा भाग रबराच्या आत खोचला. शेवटी कडक पट्टीने मधून बाहेर पाणी काढत गेला, कर्र कर्र आवाज. सगळा वेळ त्या कडांना जातो. फिल्मच्या चिकट बाजूवरचा कागद (लायनर) सोलला की एका क्षणात धूळ चिकटते, आणि माझ्या नशिबात तेच आलं, ते पुढे सांगतो.

लावल्यावर तीन ते पाच दिवस काचा खाली करायच्या नाहीत. आत पाण्याच्या थेंबासारखे फुगे आणि धुरकटपणा दिसतो, घाबरून फोन करू नका, ते पाणी हळूहळू फिल्ममधूनच सुकतं, ऊन असेल तर आठवड्यात, दमट किंवा थंड हवेत महिनाभर लागू शकतो. माझी मागची काच तीन आठवड्यांनी साफ झाली. बोटाने दाबून फुगा फोडायचा मोह आवरा. साफ करताना अमोनियावाला काचेचा स्प्रे वापरायचा नाही, मऊ मायक्रोफायबर आणि साधं पाणी बस.

आता वापराचं. चालत्या गाडीत फरक स्पष्ट आहे, चटका गेला. ऊन हातावर पडलेलं दिसतं पण चावत नाही, असं काहीसं. पूर्वी ब्लोअर चारवर ठेवून कुरकुर, आता दहा-बारा मिनिटांनी दोनवर येतो आणि तिथेच राहतो. मुलीची तक्रार बंद, हेच खरं प्रमाणपत्र. मायलेजमध्ये मला तरी काही फरक दिसला नाही.

उभ्या गाडीत मात्र कोणी जादू सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. दोन तास उन्हात ठेवली की गाडी भट्टीच होते, फिल्म असो नसो. मी एक स्वस्तातला थर्मामीटर ठेवून पाहिलं, चार-पाच अंश कमी भरलं, एवढंच. कारण आत शिरलेल्या उजेडाने सीट आणि डॅशबोर्ड तापतात, ते जी लांब लहरींची उष्णता सोडतात ती काचेतून बाहेर पडत नाही, अडकते. आतलं तापमान बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच चढतं, त्यामुळे फिल्म आहे म्हणून लहान मूल किंवा कुत्र्याला "दोनच मिनिटं" आत ठेवायचा विचारसुद्धा नको. फरक पडतो तो निघाल्यावर, गाडी लवकर गार होते. मी अजूनही पुढे पत्र्यासारखा चमकणारा सनशेड लावतो, फिल्म घेतली म्हणून तो फेकला नाही.

यूव्हीचं सगळे फार कौतुक करतात, पण ९९ टक्के यूव्ही साधी चांगली फिल्म पण अडवते, त्यासाठी महागडी लागत नाही. पुढची काच मुळात दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर घालून बनवलेली असते, ती तशीही जवळपास सगळं यूव्ही अडवते. प्रश्न बाजूच्या काचांचा, त्यांच्यातून यूव्हीए (यूव्हीचाच एक प्रकार) बऱ्यापैकी येतं. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २८ वर्षं ट्रक चालवलेल्या एका माणसाचा फोटो छापून आला होता, खिडकीकडचा अर्धा चेहरा दुसऱ्या अर्ध्यापेक्षा वीस वर्षं म्हातारा वाटतो. तो फोटो पाहिल्यावर बाजूच्या काचांबद्दल माझा निर्णय दोन मिनिटांत झाला.

न पटलेलं आता. रात्री पाऊस असेल आणि रिव्हर्स घ्यायचा असेल तर मागची काच गडद वाटते, मी मागे पण पारदर्शकच घ्यायला हवी होती, ही चूक माझी. संध्याकाळी सूर्य अगदी समोर खाली आला की पुढच्या काचेवर हलकीशी दुधट झाक येते, नेहमी नाही, ठराविक कोनातच, पण येते, आणि विकणाऱ्याने हे आधी सांगितलं नव्हतं. पोलराइज्ड चष्मा लावला तर बाजूच्या काचेत थोडे इंद्रधनुषी डाग दिसतात. मागच्या काचेच्या कडेला काळ्या ठिपक्यांची जी पट्टी असते तिथे फिल्म नीट चिकटत नाही, पांढरट रेष दिसते, ती सगळ्यांकडेच असते म्हणे. आणि मागच्या काचेवरचं धुकं घालवणाऱ्या डिफॉगरच्या तारांवर फिल्म एकदा लावली की पुढे काढताना तारा खरवडायची भीती आहेच, ते लावायच्या आधी लक्षात घ्या.

मोठी तक्रार एकच. ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेत, नेमका डोळ्यांच्या रेषेत, एक धुळीचा कण अडकला होता. तीळभर, पण आरशाकडे बघितलं की तोच दिसायचा. महिनाभर फोन, "सुकला की जाईल". धूळ सुकून कुठे जाते? शेवटी वॉरंटी कार्ड आणि त्यावरचा रोलचा नंबर घेऊन जाऊन उभा राहिलो तेव्हा ती एक काच परत करून दिली. तेव्हा कार्ड भरून शिक्का मारून घ्या, रोलचा नंबर तपासा, आणि गाडी ताब्यात घेताना उन्हात उभी करून प्रत्येक काच आतून बघा, तिथल्या ट्यूबलाइटखाली काही दिसत नाही.

नवीन काच लावल्यावर त्याने परत बजावलं, तीन दिवस खाली करायची नाही. दुसऱ्याच दिवशी पार्किंगचं तिकीट घ्यायला सवयीने बटण दाबलं, काच अर्धी खाली. वरची कड केसभर सरकलीय. हे सांगायला मी अजून त्यांच्याकडे गेलो नाही.