दुसरी फाउंड्री घ्यावी की जर्मनीत मशिन शॉप?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावातली घरची फाउंड्री महिना तीनशे-चारशे टनांवर स्थिरावली, की पुढच्या पिढीत हा वाद निघतोच. एक भाऊ म्हणतो, शेजारची चालू फाउंड्री घेऊ. दुसरा म्हणतो, जर्मनीत छोटं मशिन शॉप (ओतीव कास्टिंग कापून तयार पार्ट करणारं) घेऊन ग्राहकाच्या दारात बसू. दाखला बहुधा पंप बनवणाऱ्या किर्लोस्कर ब्रदर्सचा दिला जातो. त्यांनी 2003 मध्ये इंग्लंडची एसपीपी पंप्स घेतली, पण तिथे तयार नाव आणि तयार बाजारपेठ हाती आली. नुसती कास्टिंग विकणाऱ्याने तो दाखला जपून वापरावा.

फाउंड्री घेताना भट्टी, मोल्डिंग मशिन, सँड प्लांट यांची किंमत सगळेच काढतात. सौदा फसतो तो पॅटर्नवर, म्हणजे वाळूत साचा उठवायच्या नमुन्यांवर. पॅटर्न बहुतेक वेळा ग्राहकाचे असतात, विकणाऱ्याचे नव्हेत. ते तिथेच ठेवण्याचं ग्राहकाचं पत्र विसारापूर्वी हातात हवं. ते आपल्या लाइनवर आणायची घाई करू नये. साच्याच्या बॉक्सची मापं आणि पिनांमधलं अंतर जुळत नाही, पॅटर्नची प्लेट नवी करावी लागते, रनर-रायझर (साच्यात धातू नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटा) पुन्हा बसवावे लागतात आणि यील्ड, म्हणजे ओतलेल्या धातूतलं कास्टिंगचं प्रमाण, घसरते. वर जागा बदलली म्हणून पीपीएपी, म्हणजे ग्राहकाकडून पार्टची रीतसर मंजुरी, पहिल्यापासून. एक वर्ष तरी पॅटर्न जिथे आहेत तिथेच चालवावेत. आपलं एसजीचं (गोलाकार ग्रॅफाइटच्या लोखंडाचं) काम तिकडे न्यायचं असेल, तर भट्टीपासून शेवटच्या साच्यापर्यंतचा वेळ आधी घड्याळ लावून मोजावा. मॅग्नेशियम ट्रीटमेंटनंतर आठ-दहा मिनिटांत ओतकाम संपलं नाही, तर नोड्युलॅरिटी, म्हणजे ग्रॅफाइटचा गोलपणा, घटते.

बाकी तपासणी नेहमीचीच: वीजबिलाची थकबाकी, एमआयडीसीची हस्तांतरण परवानगी, प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात किती टन लिहिलेत, कामगारांची साठलेली ग्रॅच्युइटी. ताळेबंदाच्या आधी सहा महिन्यांचं रिजेक्शन रजिस्टर पार्टनुसार वाचावं. त्यातून फाउंड्रीचा स्वभाव कळतो.

जर्मनीची कागदपत्रं त्या मानाने सोपी वाटतात. जीएमबीएचला (तिथल्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला) 25,000 युरो भांडवल लागतं, नोंदणीवेळी निम्मं भरलं तरी चालतं. भारतातून नेटवर्थच्या चौपटीपर्यंतची गुंतवणूक साधारणपणे ऑटोमॅटिक रूटने, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीशिवाय, जाते. मात्र दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत द्यायचा एपीआर (परदेशी कंपनीचा वार्षिक कामगिरी अहवाल) चुकवू नये. चालू शॉप घेतलं तर कामगार जुन्या करारासकट येतात, हे किमतीत धरावं. आणि तयार पार्टला कच्च्या कास्टिंगपेक्षा चांगला भाव मिळतो, हे मान्यच करायला हवं.

आमचं मत फिरलं ते मात्र एकाच कटकटीवर. कोअरचा (कास्टिंगमधली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्याचा) वॉश, म्हणजे वरचा लेप, नीट वाळला नाही किंवा वायू जाण्याचा व्हेंट बुजला, की कातडीखाली ब्लोहोल (वायूची पोकळी) राहतं. शॉट ब्लास्टिंगनंतरही ते दिसत नाही, टूल लागल्यावरच उघडं पडतं. मशिनिंग जर्मनीत असेल तर टूल कधी लागणार? पॅकिंग आणि न्हावाशेवा आठवडाभर, समुद्रात 25 ते 30 दिवस, तिकडे बंदर-रस्ता पाचेक दिवस, गोदामातला साठा चार आठवडे. 2023 च्या अखेरीपासून तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या जहाजांना आणखी दहा-चौदा दिवस. म्हणजे आज ओतलेल्या पीसची खबर 70 ते 80 दिवसांनी येते. आठवड्याला एक कंटेनर, सुमारे 20 टन, धरला तर तोपर्यंत दहा-अकरा कंटेनर त्याच संशयात अडकतात. सॉर्टिंगचं (चांगले-वाईट पीस निवडण्याचं) बिल युरोत, तासावर. बदली माल विमानाने.

यावर उपाय म्हणून निदान रफ मशिनिंग इथेच करा, असं सुचवतात. उपाय चालतो. पण कापलेला पृष्ठभाग समुद्रात गंजू नये म्हणून तेल, गंजरोधक व्हीसीआय पिशव्या आल्या, आणि निम्मं काम इथेच होत असेल तर तिकडचं शॉप कशासाठी घेतलं, हा प्रश्न उरतोच. वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या फाउंड्रीत तोच दोष संध्याकाळी कळतो, रात्रपाळीत कोअर शॉपमध्ये दुरुस्त होतो.

एकाच मोठ्या ग्राहकाचं काम असेल आणि तो तयार पार्टच मागत असेल, तर गणित वेगळं निघू शकतं. तरीही आधी भाड्याच्या गोदामात सहा आठवड्यांचा माल ठेवून एक वर्ष काढावं. सॉर्टिंगची बिलं वेगळ्या फाइलीत लावावीत आणि ती फाइल समोर ठेवूनच शॉपच्या किमतीची बोलणी करावीत.